हापूसच्या जुन्या कलमांवर रोपने चढायला चौघांना शिकवलं, त्याच्या नोंदी

काम काय ते आधी. रत्नागिरी तालुक्यात माझ्या चुलत दादाची बाग आहे, त्यातली ११ कलमं आजोबांच्या वेळची, ४०-५० फूट उंच, आणि सगळ्यांवर बांडगूळ माजलेलं. आजवर गडी अनवाणी, कमरेला कोयता खोवून वर जायचे. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या बागेत एक गडी असाच पडला, पाठीच्या मणक्याला लागलं, अजून धड चालता येत नाही. तेव्हापासून दादाचा माझ्यामागे लकडा होता की तुझ्याकडे ते सगळं सामान आहे तर आमच्या पोरांना शिकव. मी आधी रॉक क्लाइंबिंग करायचे, गेली ६ वर्षं पुण्यात झाडांवर रोपने काम करते. या वर्षी दसरा ते मोहोर असा वेळ काढला. शिकणारे चौघे: दादाची मुलगी (वय २०), वाडीतली दोन पोरं, आणि बागेत राखणीला असणारा नेपाळी भाई.

हे लिहून ठेवतेय कारण स्वतः चढणं आणि आपलं सामान दुसऱ्याच्या अंगावर चढवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्यात माझ्या बऱ्याच चुका झाल्या.

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

कोयते, करवती, फवारणीचा पंप यांच्यासोबत हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे) आणि रोपही पूजेला मांडले, काकूने प्रत्येकावर झेंडूचं फूल ठेवलं. पूजा झाल्यावर तिथेच ओटीवर सगळं सामान पसरून एकेक तपासलं. ३ हार्नेस, ४ हेल्मेट, ११ मिलिमीटरचे ४५ मीटरचे ३ स्टॅटिक (फार न ताणणारे) रोप, कॅराबिनर (जोडायच्या धातूच्या कड्या) १४, आखूड लॅनयार्ड (फांदीभोवती घालून हार्नेसला अडकवायचे दोर) ३.

खरं तर हार्नेस ४ होते. चौथा माझा क्लाइंबिंगच्या दिवसांतला, दिसायला छान, पण १२ वर्षं जुना आणि मधली काही वर्षं कुणाकुणाकडे फिरून आलेला. बहुतेक कंपन्या कापडी सामानाचं आयुष्य जास्तीत जास्त १० वर्षं धरतात. मी स्वतः तो घालून दहा फूट चढले असते कदाचित, पण ज्याला त्यातलं काही कळत नाही त्याच्या अंगावर तो कसा घालू? पट्टे कापून टाकले. दादाला वाईट वाटलं, "अगो चांगला होता की!" म्हणाला.

१३ ऑक्टोबर

पहिली मोठी चूक, आणि पूर्ण माझी. पोरांना उत्साह वाटावा म्हणून मी गाठीऐवजी माझं यांत्रिक उपकरण पहिल्याच दिवशी दिलं. रोपवर बसतं, वर सरकवलं की धरून ठेवतं, वरचा भाग दाबला की खाली येतो. मला त्याची इतकी सवय झालीय की दाबणं म्हणजे उतरणं हे वेगळं सांगायला हवं हेच सुचलं नाही. वाडीतला धाकटा पोरगा सहा फुटांवर गेला, पाय सुटला, आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच त्याने केलं, हाताला लागेल ते गच्च धरलं. हाताला लागलं ते उपकरणच. धरलं म्हणजे दाबलं, आणि सरळ खाली आला. खाली भाताच्या पेंढ्याची गादी टाकली होती म्हणून नुसतं ढुंगण शेकलं. पण हेच तीस फुटांवर झालं असतं तर?

उपकरण पिशवीत गेलं. दुपारपासून फक्त ब्लेक हिच, म्हणजे रोपवर हाताने सरकणारी आणि वजन आलं की आवळून धरणारी गाठ. रोपला चार वेढे वरच्या दिशेने, मग शेंडा खाली आणून खालच्या दोन वेढ्यांच्या आतून बाहेर, आणि शेंड्याला आठाची गाठ, ती नसेल तर शेंडा हळूहळू आत ओढला जाऊन अख्खी हिच सुटू शकते. घाबरून गाठीचा माथा ओढला तर ही पण सरकते, तो धोका इथेही आहेच. पण गाठ स्वतःच्या हाताने बांधलेली असते, कुठला वेढा धरतोय आणि कुठला सोडतोय ते डोळ्यांना दिसतं, उपकरणात ते सगळं आत झाकलेलं असतं.

आणि एक सवय लावली: पाय सुटला की दोन्ही हात गाठीवरून काढून हेल्मेटवर ठेवायचे. जमिनीपासून दोन फुटांवर लटकवून मीच त्यांचे पाय ढकलायचे, न सांगता. प्रत्येकी ३० वेळा. दादाची मुलगी कंटाळून म्हणाली, "आत्या, आपण झाडावर कधी जाणार?" मी म्हटलं, हात आपोआप डोक्यावर जायला लागले की.

१९ ऑक्टोबर

रोप फांदीवर टाकायचा तर आधी बारीक दोरीला वजन बांधून ती फेकावी लागते. माझी एकच थ्रो बॅग, शिकणारे चार. म्हणून बंदरावरून जाळ्याला लावायची शिशं आणली आणि गावातल्या टेलरकडून कॅनव्हासच्या चार पिशव्या शिवून घेतल्या, प्रत्येकी साधारण ३०० ग्रॅम. पिशव्या झकास झाल्या. दोरी म्हणून तंगूस (मासेमारीचा नायलॉन धागा) वापरला तो मात्र साफ फसला. ताणतो, गुंतला की सुटत नाही, आणि पिशवी बेचक्यात अडकल्यावर ओढताना मोठ्या पोराच्या बोटाला चांगलाच चिरला. मग गवंड्यांची नायलॉनची लाइनदोरी आणली, ती चालली. गुंडाळायची नाही, बादलीत सोडत जायची, मग गुंता होत नाही. अर्धा दिवस गेला यात.

फेकताना समोर आणि खाली कुणी उभं राहायचं नाही, आणि खाली असलेल्या प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट. पिशवी अडकली तर झटका देऊन ओढायची नाही, ती गोफणीसारखी तोंडावर येते.

२० ऑक्टोबर

फांदी निवडणं. हे मी घाईत शिकवणार होते, सहज बोलता बोलता, आणि झाडानेच थांबवलं.

दुसऱ्या नंबरच्या कलमावर मी २८ फुटांवरचा एक बेचका निवडला, मांडीएवढी जाड फांदी, पालवी हिरवीगार. रोप टाकला. माझा नियम आहे की पहिला माणूस चढायच्या आधी दोघांनी मिळून रोपवर लटकून झटके द्यायचे. मी आणि भाई लटकलो, तिसऱ्या झटक्याला कडाडकन आवाज आला आणि फांदी बेचक्यापासून फाटून खाली आली, आमच्यापासून चार हातांवर. बघितलं तर आतून भिरुडाने (लाकूड खाणारी अळी) पोखरून नळी केलेली, वरची साल आणि दोन बोटं लाकूड शिल्लक. मग खोडाशी वाकून पाहिलं तर भुसा पडलेला होता की! पानांवर, मातीवर, लाकडाचा बारीक ओलसर भुसा. मी वर बघत होते, खाली बघितलंच नाही.

त्यानंतर प्रत्येक झाडाचा पहिला अर्धा तास फक्त बघण्यात. बुंध्याशी भुसा, सालीवर ओघळलेला डिंक, ढोली, सुकलेले शेंडे, आणि बांडगुळाच्या पुढची फांदी किती जिवंत आहे ते. दुर्बीण फिरवत ठेवली. चौघांनी आपापली फांदी निवडायची, का ते सांगायचं, मग मी बोलायचं. तिसऱ्या झाडापासून भाईचा अंदाज माझ्यापेक्षा बरोबर यायला लागला. तो या झाडांवर ८ वर्षं चढतोय, कुठली फांदी पायाखाली कशी वाजते हे त्याला ठाऊक आहे. त्याला शिकवताना मी हे आधी विचारायला हवं होतं.

२६ ऑक्टोबर

आज काम झालंच नाही. सकाळी रोपच्या पिशव्या उघडल्या तर एक रोप चिखलाने भरलेला. रात्री कुणाचा तरी टेम्पो पाणंदीत रुतला, आणि आमचा मजबूत रोप खोपीत आहे म्हणून नेला, काढला टेम्पो, आणि प्रामाणिकपणे परत आणून ठेवला. धुऊन, बोटांमधून फिरवत अख्खा तपासला. दोन ठिकाणी चपटा लागला, वरचं आवरण शाबूत, पण आतला गाभा बघता येत नाही. ज्याचं आत काय झालंय ते मला माहीत नाही त्यावर पोरांना टांगणार नाही. साडेसहा हजारांचा रोप. तीन तुकडे केले म्हणजे उद्या कुणी मोहाने परत चढायला वापरू नये, आणि तुकडे फांद्या खाली ओढायला ठेवले.

रागवावं तरी कुणावर, मी कुणाला सांगितलंच नव्हतं. आता चढायच्या सामानाला लाल टेप, ओढाओढीच्या दोरांना पिवळा. लाल सामान घरातल्या कपाटात, किल्ली दादाकडे. खोपीत नाही, तिथे इन्व्हर्टरची जुनी बॅटरी आणि फवारणीची औषधं पण असतात, आणि बॅटरीचं ॲसिड नायलॉनला न दिसता खाऊन टाकतं. सोबत एक वही: कुठला रोप, कुणी वापरला, किती वेळ, काही खटकलं का. वही दादाची मुलगी लिहिते, आणि ती फार कडक आहे.

नवा रोप मागवला, दिवाळीमुळे यायला १२ दिवस.

९ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीत मोठ्या पोराने मोबाईलवर एकेरी रोपने चढण्याचे व्हिडिओ बघितले. आज मी जेवायला गेले असताना त्याने रोपचं एक टोक बुंध्याला बांधलं आणि दुसऱ्या बाजूने ब्लेक हिचवर चढला. हार्नेस, हेल्मेट सगळं नीट. १२ फुटांवर गेला आणि उतरताना गाठ जाम. जोर लावला तर एकदम सुटायची, परत जाम. खाली आला तेव्हा गाठीचे वेढे काचेसारखे चकाकत होते, बोटाला कडक लागत होते. वितळलेलं नायलॉन. दीड मीटर कापून टाकला.

मी आधी ओरडले, मग बसून दोघांनी हिशोब केला. आपण करतो त्या दुहेरी पद्धतीत रोप फांदीवरून जाऊन परत आपल्याकडे येतो, वजन दोन बाजूंना वाटलं जातं, गाठीवर साधारण अर्धंच येतं. एकेरीवर सगळं वजन गाठीवर, म्हणून ती आवळते आणि तापते, त्यासाठी वर वेगळं घर्षण देणारं उपकरण लागतं. आणि रोप बुंध्याला बांधला की वरच्या फांदीवर माणसाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो, एक त्याचा स्वतःचा आणि एक बुंध्याकडून ओढणारा. भिरुडाच्या झाडांवर हे मी स्वतःसुद्धा सहसा करत नाही.

त्याला हे आधी सांगितलं असतं तर त्याने केलं नसतं. "ते ॲडव्हान्स्ड आहे, नंतर बघू" एवढंच मी म्हणाले होते. हुशार पोराला नुसतं नंतर म्हटलं की तो एकट्याने करून बघतो. आता जे शिकवत नाही त्याचं कारणही सांगते, पूर्ण.

उतरण्याचा वेगही ठरवला. गाठीवरचा हात गरम लागला की थांबायचं. गाठीसाठी वेगळा आखूड तुकडा, म्हणजे झिजला तर तेवढाच बदलता येतो, मुख्य रोप वाचतो.

१० नोव्हेंबर

कोयत्याचा प्रश्न. भाईला करवत नको होती, कोयत्याने एका घावात होतं म्हणे, आणि ते खरंच आहे. वाद न घालता त्या टेम्पोवाल्या रोपचा एक तुकडा फांदीला बांधला, खाली मातीने भरलेलं पोतं लटकवलं, ६० किलो असेल. त्याला म्हटलं, मारू नकोस, फक्त धार टेकव. त्याने कोयता टेकवला आणि किंचित ओढला. ताणलेला रोप फट्‌कन तुटला, पोतं धप्प. सैल पडलेला तोच रोप कापायला त्याला नंतर पाच-सहा वेळा घासावं लागलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दिदी, करवत दे दो."

नियम: वर फक्त म्यानातली हातकरवत. करवत म्यानातून काढायच्या आधी लॅनयार्ड फांदीभोवती, म्हणजे रोप आणि लॅनयार्ड असे दोन आधार. एक कापला गेला तरी दुसरा उरतो.

१६ नोव्हेंबर

पाचवं कलम. धाकटा पोरगा २५ फुटांवर, लॅनयार्ड लावून बांडगूळ कापत होता. बांडगूळ नुसतं वरून तोडलं तर परत फुटतं, जिथे ते फांदीत घुसलंय त्याच्या खालून फांदीसकट काढावं लागतं, त्यामुळे हात लांब करून पुढे झुकावं लागतं. त्याचा खांदा पानांच्या एका गोळ्याला लागला. ओंबील. लाल मुंग्यांचं घरटं. दोन सेकंदांत मानेवर, कानात, शर्टात. दोन्ही हातांनी अंग झोडपायला लागला, पाय सुटले, रोपवर लटकला. गाठीने धरलं. लॅनयार्डनेही धरलं, पण त्याच्यामुळे तो खालीही येईना, आणि मुंग्या लॅनयार्डवरूनच येत होत्या. ओरडत होता, मग ओरडणं थांबलं आणि त्याचीच मला भीती वाटली. हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकून राहिलं तर पायातलं रक्त वर येत नाही, काही मिनिटांत शुद्ध जाऊ शकते.

खाली सुटकेसाठी दुसरा रोप आधीच टांगलेला होता, ते एक बरोबर केलं होतं. पण खालच्या माणसाने, म्हणजे दादाच्या मुलीने, गरम होतं म्हणून हार्नेस काढून बाजूला ठेवला होता, आणि मी ते बघूनही काही बोलले नव्हते. मी तिचा हार्नेस घालेपर्यंत दोन मिनिटं गेली, घाईत पायाचा पट्टा उलटा ओवला, परत काढला. वर जाऊन त्याचा लॅनयार्ड सोडवला, आखूड स्लिंगने (पट्ट्याच्या फासाने) त्याला माझ्याशी जोडलं आणि दोघांच्या गाठी थोड्या थोड्या सोडत खाली आणलं. एकूण ११ मिनिटं. मान, पापण्या सुजलेल्या, पण शुद्धीवर, पाय हलवत होता. भाईने खालून सतत "पैर चला, सायकल चला" म्हणून ओरडत ठेवलं होतं त्याला, ते मी शिकवलेलं त्याच्या लक्षात होतं.

त्या रात्री झोप लागली नाही. त्याच्या आईला मी स्वतः जाऊन सांगितलं, काय झालं आणि कुणाच्या चुकीने लांबलं. ती म्हणाली, "दोर होता म्हणून आला ना खाली." मला ते पुरेसं वाटत नाही.

१७ नोव्हेंबर

कापणं बंद. दिवसभर फक्त सुटका. पोत्याला जुना पट्टा बांधून १५ फुटांवर लटकवलं, लॅनयार्डसकट, आणि चौघांनी आळीपाळीने ते खाली आणलं. पहिल्या फेरीत १४ मिनिटं, १२, ९, १३. संध्याकाळपर्यंत सगळे ७ च्या आत, दादाची मुलगी साडेपाच. १०८ ला फोन कुणी करायचा, गाडी बागेत कुठल्या वाटेने आणायची, ते खोपीच्या दारावर खडूने लिहिलं.

दादा म्हणाला, हार्नेस तीन आहेत तर तिघं वर चढवलीत तर काम लवकर उरकेल. नाही. वर दोघं, तिसरा हार्नेस खाली उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर, पट्टे आवळलेले, हेल्मेट घातलेलं, गरम होवो नाहीतर काहीही होवो. काम करणाऱ्यासाठी हार्नेस कमी पडले तर त्या दिवशी वर एकच माणूस. दादाशी या एका गोष्टीवर बराच वेळ बोलावं लागलं, मोहोर डोक्यावर आला होता आणि त्याची काळजीही खोटी नव्हती.

घरटी आता दुर्बिणीने आधी शोधतो, त्या फांदीवर सकाळच्या गारव्यात जातो, तेव्हा मुंग्या जरा मंद असतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याला पंचा. औषध मारत नाही, त्या दुसऱ्या किडीही खातात.

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी, सकाळी मत देऊन शाई लावलेल्या बोटांनी सगळे हजर. सहावं आणि सातवं कलम. काही घडलं नाही. वहीत "काही नाही" असंच लिहिलंय, त्याचा मला फार आनंद झाला.

३० नोव्हेंबर

भाई. चौघांत सगळ्यात चांगला चढणारा, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच होती. रोपमध्ये पाय अडकतात म्हणून तो एका फांदीवरून दुसरीवर जाताना लॅनयार्ड लावायचाच नाही. आज मी त्याच्यासोबत वर बसून पाहिलं तर कळलं, माझा लॅनयार्ड त्याला लांब पडत होता, लोंबून गुडघ्यात यायचा. तो माझ्यापेक्षा वीतभर बुटका आहे आणि मी माझ्या मापाचं सामान त्याला देऊन शिस्त शिकवत होते! गाठ सरकवून आखूड केला, दुसरी आखूड स्लिंग दिली. दुपारी खालून मोजलं, २२ वेळा जागा बदलली, २२ वेळा लावला.

तसंच स्क्रूवाल्या कॅराबिनरचं. सालीवर घासून स्क्रू आपोआप उघडलेला दोनदा सापडला. ते सगळे आता सामानाच्या पिशवीसाठी, माणसाला जोडलेला प्रत्येक कॅराबिनर तीन हालचालींत उघडणारा, आपोआप बंद होणारा. ६ नवे घेतले, ११ हजार गेले. यात काटकसर केली नाही.

यांत्रिक उपकरण आज परत काढलं. दीड महिना गाठीवर काढल्यावर चौघांनाही ते हातात घेताच कळलं की आत काय होतंय. तरी आधी दोन फुटांवर, पाय ढकलून, हात हेल्मेटवर. दादाच्या मुलीला आवडलं, भाईने परत दिलं, त्याला गाठच बरी वाटते.

८ डिसेंबर

नऊ कलमं झाली. कापलेल्या जागांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावली. दहाव्यावर मोहोराचे बोंगे फुटलेत, आता त्यात शिरलो तर मोहोर झडेल, म्हणून थांबलो. अकरावं भिरुडाने इतकं पोखरलंय की त्यावर रोप टाकायला एकही फांदी चौघांपैकी कुणीच निवडली नाही. मी मुद्दाम काही बोलले नाही, वाट बघत बसले. शेवटी धाकटा म्हणाला, "ताई, हे खालूनच, शिडी आणि लांब दांड्याच्या करवतीने." बरोबर.

खर्च: रोप ६,५००, कॅराबिनर ११,०००, पिशव्या आणि लाइनदोरी ७००, पट्टे-स्लिंग २,८००. एकूण २१,०००, त्यातले निम्मे दादाने दिले. कामाचे दिवस १७ धरले होते, २६ लागले.

दोन हार्नेस आणि दोन रोप इथे ठेवून जातेय. तिसरा हार्नेस माझ्यासोबत पुण्याला, म्हणजे मी इथे नसताना वर फक्त एकजण जाऊ शकेल आणि दुसरा तयार होऊन खाली उभा राहील. मार्चमध्ये आंबा उतरवायच्या आधी येईन, पहिला दिवस पोतं खाली आणायचा. वही दादाच्या मुलीकडे आहे, आज निघताना तिने माझ्याही रोपचे तास विचारून लिहून घेतले, ४१.